नोकरी सांभाळून बी.एड.: ‘फक्त परीक्षेला या’ म्हणणारं कॉलेज घ्यावं का? (इंदूर)

सुदामानगर_३७

नमस्कार मंडळी. इंदूरला राहते, वय ३७, एम.एस्सी. प्राणिशास्त्र. घराजवळच्या एका खासगी शाळेत सहा वर्षं झाली शिकवतेय. चौथी-पाचवीला पर्यावरण, सहावी-सातवीला विज्ञान. बी.एड. नाही. घेताना कुणी विचारलंच नव्हतं. ‘एक पाठ घेऊन दाखवा’ म्हणाले, मी घेतला, सोमवारपासून रुजू.

आता ऑफिसात शिक्षकांची माहिती भरताना ‘व्यावसायिक पात्रता’ हा माझा रकाना रिकामा निघाला. मोठ्या मॅडमनी बोलावून सांगितलं, दोन वर्षांत करून घ्या, नाहीतर आम्हाला अडचण येईल. रजा मात्र देणार नाहीत. पगार १६ हजार आहे. मिस्टर पीथमपूरला शिफ्टमध्ये, मुलगा आठवीत, सासूबाईंचे गुडघे. १६ हजार सोडून दोन वर्षं कॉलेजला जाणं कसं जमवू?

शेजारच्या वहिनींनी भंवरकुआंच्या एका माणसाचा नंबर दिला. तो म्हणतो, “मैडम, आपको सिर्फ एग्जाम में आना है.” कॉलेज दुसऱ्याच जिल्ह्यात, रेल्वेने रात्रभराचं. हजेरी ते बघतील, पाठांच्या फायलीसुद्धा तयार मिळतील, फीवर २५ हजार जास्त. शाळेतल्या दोघींनी असंच केलंय म्हणे.

दुसरं, इग्नूचं बी.एड. घरबसल्या होतं ना? आणि एक वर्षाचं बी.एड. परत येतंय असं ऐकलं, तर थांबू का? बी.एस्सी.ला ४७ टक्के आहेत (त्या वर्षी बाबा गेले), एम.एस्सी.ला ५८. यावर प्रवेश तरी मिळेल का?

प्रॅक्टिकल_पंत

ताई, फार विचार करू नका. मी २०१९ मध्ये असंच केलं, आज चार वर्षं झाली नोकरीला, कुणी विचारलं नाही. डिग्री विद्यापीठाची, मार्कशीट खरी, परीक्षा आपणच दिलेली. सहा वर्षं शिकवतच आहात की. कॉलेजवाले तुम्हाला वेगळं काय शिकवणार? चार्ट रंगवायला लावतील.

खडूवाली

पंत, चार्टचं तुम्ही अगदी बरोबर बोललात. मी ३४ चार्ट केलेत आणि त्यातले निदान ३० माळ्यावर आहेत. पण ताई, मी ३७व्या वर्षीच बी.एड.ला बसले होते, २०१७ ते १९, इथेच इंदुरात, रोज जाऊन. त्याआधी नऊ वर्षं शिकवलं होतं. तेव्हा माझंही ऐका. लांबेल जरा.

आधी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलीच नाहीत. तुम्हाला पुढे कुठल्या वर्गांना शिकवायचंय? चौथी-पाचवी की सहावी-सातवी? यावरून कोर्सच बदलतो. २०१८ मध्ये एनसीटीईने (शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्राची परिषद) बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीलाही चालेल म्हटलं होतं, नंतर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायच्या अटीवर. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि ११ ऑगस्ट २०२३ ला निकाल लागला की प्राथमिकला बी.एड. चालणार नाही, डी.एल.एड.च (प्राथमिक शिक्षकांची पदविका) लागेल. त्या तारखेआधी नेमणूक झालेल्यांना पुढे संरक्षण मिळालं, पण तुम्ही बी.एड. आता करणार, त्यामुळे त्याचा तुम्हाला उपयोग नाही. म्हणजे चौथी-पाचवीतच राहायचं असेल तर बी.एड.वर पैसे घालवू नका, डी.एल.एड. बघा. तेही दोन वर्षांचं, बारावीनंतरचं. बिजलपूरच्या डाएटमध्ये (जिल्ह्याची सरकारी शिक्षक प्रशिक्षण संस्था) चौकशी करता येईल. पण तुमची एम.एस्सी. आहे, सातवीचं विज्ञान घेता, मी तुमच्या जागी असते तर बी.एड. करून सहावी ते दहावीकडे सरकले असते. मोठ्या मॅडमकडून हे आधी स्पष्ट करून घ्या. शाळांनासुद्धा हा फरक नीट माहीत नसतो, ‘बी.एड. करा’ एवढंच म्हणतात सगळ्यांना.

आता भंवरकुआंचा माणूस.

बी.एड. हा नियमाने रोज हजर राहून करायचा कोर्स आहे. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांत वर्गांना ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. तुम्ही इकडे शाळेत मस्टरवर सही करताय आणि तिकडे रात्रभराच्या अंतरावर दुसरं कुणी तुमची हजेरी लावतंय. दोन्ही कागद खरे कसे असतील? शाळा तुमचा पीएफ कापते नं? त्याच दोन वर्षांचे २४ हप्ते पासबुकात दिसणार. उद्या वर्ग दोनची, म्हणजे सहावी ते आठवीच्या वरच्या वर्गांच्या शिक्षकांची, सरकारी भरती निघाली, कागद तपासायला बसलेल्या बाबूने अनुभव प्रमाणपत्र आणि बी.एड.ची मार्कशीट शेजारी ठेवली की संपलं. एक तर अनुभव खोटा, नाहीतर डिग्री. पंत, तुम्हाला चार वर्षांत कुणी विचारलं नाही कारण तुम्ही अजून असं कुठे दोन्ही कागद एकत्र दिलेले नसतील. देऊ नका, एवढंच म्हणते.

इग्नूचं घरबसल्या होतं हे अर्धंच खरं. तिथे तुमच्यासारख्यांना प्रवेशच नाही. तो कोर्स आधीच प्रशिक्षित असलेल्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांनी डी.एल.एड.सारखा मान्यताप्राप्त कोर्स वर्गात बसून केलाय ते. माझ्या नणंदेने चौकशी न करता फॉर्म भरला होता.

एक वर्षाचं बी.एड.: चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर असलेल्यांसाठी तसं करायचं म्हणून एनसीटीईने २०२५ मध्ये नियमांचा मसुदा काढला. एम.एस्सी. असल्यामुळे तुम्ही त्यात बसाल. पण मसुद्यावर कुणाला प्रवेश मिळत नाही. तुमच्या मॅडमनी दोन वर्षांची मुदत दिलीय. इंदुरातल्या कुठल्या कॉलेजला त्याची मान्यता मिळाल्याचं पत्र डोळ्यांनी बघेपर्यंत मी तरी थांबणार नाही.

४७ टक्क्यांची काळजी नको. नियम पदवीला किंवा पदव्युत्तरला ५० टक्के असा आहे, तुम्ही एम.एस्सी.वर बसता. वयाचीही अट नाही. आपल्याकडे महाराष्ट्रासारखी सीईटी नाही, उच्च शिक्षण विभागाच्या ऑनलाइन काउन्सिलिंगमधून गुणांवर लागतं. कॉलेज निवडताना दोन कागद वेगवेगळे बघा, विद्यापीठाची संलग्नता आणि एनसीटीईची मान्यता. मान्यता किती जागांची आहे तेही बघा. पन्नास-पन्नासच्या तुकड्या असतात.

हे झालं कायद्याचं. पण पंतांनी विचारलंय नं, वेगळं काय शिकवणार, त्याचंच उत्तर मला द्यायचंय. मीही पहिल्या दिवशी हेच तोंडावर घेऊन गेले होते.

पहिले सहा महिने खरंच करमणूक होती. हर्बार्टची पंचपदी (धडा शिकवायच्या पाच पायऱ्या) पाठ करा, फायलीत पाच रकाने आखा. मग सूक्ष्म पाठ. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं चुका ऐका, बारा मिनिटांत पाठ परत बांधा, सहा मिनिटं परत शिकवा, सहा मिनिटं परत ऐका. ३६ मिनिटांचं एक आवर्तन. समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र, सातवीतली मुलं झालेले. आमच्यात देवासहून येणारे ४२ वर्षांचे एक गृहस्थ होते, ते दर वेळी उठून “मैडम, ये मुझे चिढ़ा रहा है” म्हणायचे आणि मी सहा मिनिटांतली दोन हसण्यात घालवायची. (इंदूरकरांनो, हा सूक्ष्म पाठांचा प्रकार मूळ अमेरिकेतला, पण आपल्याकडे तो रुजवणाऱ्यांतले बी. के. पासी आपल्या विद्यापीठात होते. आपण सराफा आणि पोहेच सांगत बसतो.)

दुसऱ्या वर्षी १६ आठवडे शाळेत पाठवतात. मला जुन्या इंदुरातली एक सरकारी शाळा मिळाली. सातवीत ४६ मुलं, पंखा एक, फळ्याचा डावा कोपरा निघालेला. विषय आम्ल आणि आम्लारी. अहो, नऊ वर्षं शिकवलेला धडा, झोपेत विचारला तरी सांगितला असता. हळदीचे कागद घरून करून नेले होते, साबणाचं पाणी, लिंबू, जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी, सगळं ताटात मांडून. आमचे सर मागच्या बाकावर वही घेऊन बसले. पाठ माझ्या मते झकास झाला. मुलं शांत, फळा सुंदर.

तास संपल्यावर सरांनी वही दाखवली. ३५ मिनिटांत मी ४१ प्रश्न विचारले होते. त्यातल्या १९ पुढे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘समझ में आया?’. बाकीच्यांतल्या १६ ची उत्तरं मीच दिली होती. उरले सहा. ते सहाच्या सहा पहिल्या बाकावरच्या तिघांनी सांगितले. सर म्हणाले, मॅडम, तुम्ही प्रश्न विचारून किती थांबता माहितीये? एक सेकंद. मग म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, मेरी बड रो म्हणून एक बाई होती अमेरिकेत, तिने शिक्षकांचे तास तपासले तर जवळजवळ सगळेच एवढंच थांबत होते. तीन सेकंद थांबून बघा.

मनाला लागलं. घरी येऊन भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी तोच तास सातवी ‘ब’ वर. मी खडू तळहातावर तीनदा टेकवायचा असं ठरवलं, म्हणजे थांबल्याचं कळेल. विचारलं, “हल्दी पर साबुन लगे तो क्या होगा?” एक टेकवला. दोन. वर्गात इतकी शांतता की मला घाम फुटला. वाटलं आता सर म्हणणार वर्ग हातातून गेला. तिसऱ्याला खिडकीजवळचा एक मुलगा, जो बहुधा कधीच उठत नसावा, कारण सगळ्यांनी माना वळवल्या, तो बसूनच म्हणाला, “लाल. पोहे का दाग. मम्मी साबुन घिसती है तो लाल हो जाता है, फिर पानी से वापस पीला.”

प्रयोग ताटातच होता, अजून कागदाला हातही लावला नव्हता. लाल झालेला डाग पाण्याने परत पिवळा होतो हे तर माझ्या पाठात कुठेच नव्हतं. मग मी लिंबू बाजूला ठेवून त्यालाच विचारत बसले, परत पिवळा का होत असेल? वर्गात वाद झाला. पाचव्या रकान्यापर्यंत पोचलेच नाही, ‘उपयोजन’ कोरं राहिलं, त्याचे दोन गुण कापले गेले ते वेगळेच.

तो मुलगा माझ्या आधीच्या नऊ वर्षांतही कुठल्या तरी वर्गात असणारच नं, पंत? दर वर्षी एक तरी. मी बोलू दिलं नाही एवढंच. अनुभव नऊ वर्षांचा होता, पण मागच्या बाकावर वही घेऊन बसलेला माणूस नऊ वर्षांत एकदाही नव्हता. तयार फायलीत सगळं मिळेल, हे मिळणार नाही.

पैशाचंही सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई हवेत. शाळेने रजा नाकारली, मी राजीनामा दिला. संध्याकाळी घरी दहा मुलांच्या शिकवण्या घेतल्या, पाच ते आठ. फी दोन वर्षांची ७० हजारांच्या पुढे गेली. सोन्याच्या दोन बांगड्या मोडल्या, त्यातली एक अजून झाली नाही. नंतर दुसऱ्या शाळेत लागले तेव्हा आधीच्या पगारापेक्षा नऊ हजार जास्त मिळाले. बाकी तुमचा हिशोब तुम्हीच करा, सासूबाईंचे गुडघे माझ्या हिशोबात नव्हते.

जुना शिक्षाकर्मी

खडूवाली ताई, पोह्याचा डाग उद्याच वर्गात वापरतो.

मूळ प्रश्नाला एक पुस्ती. बी.एड. झालं म्हणजे सुटलात असं नाही, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उरतेच. आमचंच बघा. मी १९९८ चा शिक्षाकर्मी (मानधनावर नेमलेला सरकारी शाळेतला शिक्षक), तेव्हा टीईटी नावाचा प्रकार नव्हता. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं, आठवीपर्यंत शिकवणाऱ्या ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी काढा. पाचहून कमी असलेले नोकरीत राहतील, पण बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा आहे. मला बारा वर्षं आहेत. तर आता रात्री जेवण झालं की मी आणि माझी धाकटी एकाच टेबलाला, ती नीटचं करते, मी बालविकास. पियाजेने सांगितलेल्या मुलांच्या वाढीच्या अवस्था ती माझ्याकडून म्हणून घेते आणि चुकलो की हसते. हसू दे.

ताई, तुम्ही सीटेटचा, म्हणजे केंद्राच्या टीईटीचा, पेपर दोन द्या, तो सहावी ते आठवीसाठी असतो. बी.एड. चालू असतानाच बसता येतं. १५० प्रश्न, १५० मिनिटं, चुकल्यास गुण कापत नाहीत, ९० ला पास, राखीव गटांना सवलत असते. एकदा काढली की जन्मभर चालते, पूर्वी सात वर्षांचीच होती. भाषांच्या यादीत मराठीही आहे. मी हौसेने मराठी घेऊन सराव पेपर सोडवला, ३० पैकी १४. घरात तीन पिढ्या मराठी बोलतोय, पण शाळा हिंदी. ऱ्हस्व-दीर्घाने घात केला. शेवटी हिंदी-इंग्रजीच भरलं.

मांडवीकर

बडोद्याहून. खडूवाली ताई, पासींचं नाव काढलंत, बरं वाटलं, पण थोडं श्रेय आमच्याकडेही येऊ द्या. इंदूरच्या आधी ते इथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्राच्या केंद्रात होते. आमच्या फॅकल्टीची सुरुवात १९३५ च्या माध्यमिक शिक्षक प्रशिक्षण कॉलेजपासून, म्हणजे विद्यापीठाच्याही चौदा वर्षं आधीपासून. मी तिथूनच बी.एड. आणि मग एम.एड. केलं.

सुदामानगर ताई, कुणी ‘बी.एड.नंतर लगेच एम.एड. करून टाका’ म्हणालं तर ऐकू नका. तेही आता दोन वर्षांचं आहे. बी.एड.च्या कॉलेजात शिकवायचं असेल तरच त्याला अर्थ, आणि तिथे एम.एड.सोबत मूळ विषयाची पदव्युत्तर पदवीही लागते, दोन्हीला ५५ टक्के. शाळेत शिकवायला त्याची गरज नाही. मी केलं आणि आज नववीला भूगोल शिकवतो. पश्चात्ताप नाही, पण दोन वर्षं होती ती.

आणि तुमच्याकडे शिक्षक भरतीला वर्ग एक-दोन-तीनच्या परीक्षा, तशा आमच्याकडे टेट आणि टाट, माध्यमिकला टाट. उद्या मिस्टरांची बदली गुजरातेत झाली तर तुमची एमपीची परीक्षा इथल्या भरतीत धरणार नाहीत. बी.एड. चालेल.

सुदामानगर_३७

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, घरी पाहुणे होते.

काल मोठ्या मॅडमना चौथी-पाचवीचं विचारलं. त्यांनाही २०२३ चा निकाल माहीत नव्हता. मला सहावी ते आठवी पूर्ण द्यायला तयार आहेत, पण बी.एड. सुरू केल्याचा कागद दाखवला की. रजेला पुन्हा नाहीच म्हणाल्या. मग मी विचारलं, राजीनामा दिला आणि दोन वर्षांनी परत आले तर घ्याल का? म्हणाल्या, “देखेंगे.”

पीएफचं डोक्यातच आलं नव्हतं. घरी येऊन पासबुक काढलं, दर महिन्याची नोंद आहे. शाळेतल्या त्या दोघींना सांगितलं तर एकीचा चेहरा उतरला, दुसरी म्हणाली, इतकं कोण बघतंय.

भंवरकुआंच्या माणसाचा आज परत फोन आला, सीट भरत आल्यात म्हणे. मी म्हटलं, इंटर्नशिप कुठल्या शाळेत देता? तो म्हणाला, “मैडम, वो टेंशन आप मत लो.” मिस्टर बाजूलाच होते, फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले, शिकवण्यांचा वर्ग पुढच्या खोलीत बसेल, दिवाण हलवावा लागेल.

अजून ठरलं नाही. एकच विचारते, खडूवाली ताई, अध्यापनाचा दुसरा विषय घ्यावा लागला तर विज्ञानासोबत काय घेऊ?

खडूवाली

गणित. खासगी शाळांना दोन्ही घेणारी बाई हवी असते आणि सीटेटच्या पेपर दोनमध्येही गणित-विज्ञान एकत्रच ६० गुणांना येतं. चार्टपेपर खजुरी बाजारातून घाऊक आणा, कॉलेजजवळच्या दुकानात दुप्पट लावतात. आणि दिवाण आधी मोजून घ्या, आमचा दारातून बाहेर निघालाच नव्हता.